सामायिक आडाचं पाणी

जगात अशा काही खोल्या आहेत, की तिथं जाताना डोळ्यांत काजळ चालत नाही, तोंडाला पावडर चालत नाही, ओठांना रंग चालत नाही. पेन्सिल नेता येत नाही, कारण तिची भुकटी उडते. साधा कागदही नको, कारण त्याचे तंतू सुटतात. तिथला कागद वेगळा मिळतो. केस टोपीत कोंबायचे, त्यावर टोपडं चढवायचं, तोंडाला पट्टी, हातात मोजे, पायात उंच बूट आणि अंगावर पायघोळ पांढरा पोशाख. फक्त डोळे काय ते उघडे. सोवळ्याओवळ्याचे प्रकार आपल्याला काही नवे नाहीत. पण या सोवळ्यात माणूस कुणाच्या घरचा, कुठल्या जातीचा, हे कुणी विचारत नाही. अंगावरून धूळ किती गळते, एवढंच बघतात.

या खोलीला क्लीनरूम म्हणतात. तिच्यात केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी बारीक असलेल्या वस्तू घडवतात, आणि त्या कामाला नॅनोफॅब्रिकेशन म्हणतात. पदार्थाच्या पोटात इलेक्ट्रॉन कसे वागतात, वीज कुठं अडते, कुठं विनाअडथळा वाहते, हे शोधणाऱ्या भौतिकशास्त्राला या खोलीशिवाय आता पाऊल टाकता येत नाही. त्या शास्त्राला संघनित द्रव्याचं भौतिकशास्त्र असं जड नाव आहे. सोपं करून सांगायचं तर धातू, स्फटिक, चुंबक यांच्यात अब्जावधी अणू एकत्र नांदताना काय करतात, त्याचा हा अभ्यास. एकटा माणूस आणि भरल्या घरातला माणूस वेगळा वागतो, तसंच इलेक्ट्रॉनचंही आहे.

मला मात्र इथं यंत्रांची गोष्ट सांगायची नाही. एवढी महागडी खोली कुणा एकाच्या मालकीची न राहता अनेकांची कशी झाली, ती गोष्ट सांगायची आहे. कारण विज्ञानाच्या इतिहासात शोध लावणाऱ्याचं नाव असतं, पण शोधाची जागा कुणी उघडी ठेवली, हे फारसं कुणी लिहीत नाही.

आधी तिथं काय करतात ते बघू. आमच्या बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर काम करणारा कामगार मायक्रॉनची भाषा बोलतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सुट्या भागाच्या मापात पाच-दहा मायक्रॉनचा फरक पडला, तर माल परत येतो. त्या मायक्रॉनचे पुन्हा हजार भाग केले, की एक नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. एवढ्या बारीक मापाला छिन्नी-हातोडी नाही, लेथही नाही. मग करायचं कसं?

करतात ते आपण रांगोळीच्या छाप्यानं करतो तसंच. सिलिकॉनची गुळगुळीत चकती घेतात. तिला वेफर असंच नाव आहे. तिच्यावर रेझिस्ट नावाच्या पातळ द्रवाचे थेंब टाकतात आणि चकती गरागरा फिरवतात, म्हणजे द्रव एकसारखा पसरतो. डोसा घालताना आपण डाव फिरवतो, इथं तवाच फिरतो. मग त्या थरावर इलेक्ट्रॉनच्या बारीक झोतानं नक्षी काढतात. जिथं झोत पडला, तिथला थर एका द्रावणात विरघळून जातो. झाला छापा तयार! आता निर्वात पेटीत सोनं तापवून त्याची वाफ या छाप्यावर बसवतात. शेवटी उरलेला थर ॲसिटोनमध्ये विरघळवला, की त्याच्यावरचं सोनं त्याच्याबरोबर निघून जातं आणि भोकांतून खाली पडलेलं तेवढं राहतं. नखांचं पॉलिश पुसायच्या बाटलीत असतो, तोच हा ॲसिटोन. छापा उचलल्यावर उंबऱ्याशी लक्ष्मीची पावलं उरावीत, तशा सोन्याच्या तारा उरतात.

या कामात धुळीचा एक कण पडला, तर तो नक्षीवर धोंडा पडल्यासारखा असतो. म्हणून ते सगळं सोवळं. अमेरिकेत सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफील्ड नावाचे एक भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या आधीही स्वच्छ खोल्या होत्या. भिंती घासत, फरशी पुसत, पण हवा खोलीतल्या खोलीत घुमत राही आणि धूळ तिच्याबरोबर. व्हिटफील्ड यांनी १९६०च्या सुमारास साधा विचार केला: गाळलेली हवा छतातून संथपणे खाली सोडायची आणि जमिनीतल्या जाळीतून ओढून घ्यायची. म्हणजे माणसाच्या अंगावरून पडलेली धूळ वर उडायच्या आत खाली निघून जाते. आपल्या घराच्या हवेत एका घनफुटात बारीक कण लाखांच्या घरात असतात. चांगल्या क्लीनरूममध्ये अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण घनफुटाला शंभराच्या आत ठेवतात. पाणी गाळून भरणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला या शंभराचं मोल वेगळं सांगायला नको. गाळण्याचं काम एकदा करून संपत नाही, रोज करावं लागतं. ही खोलीही रात्रंदिवस हवा गाळत असते, आणि तिच्या विजेचं बिल मोठं येतं ते त्यामुळंच.

आता एवढा खटाटोप करून मिळतं काय? एक उदाहरण सांगते, ते थेट आपल्या वाण्याच्या तराजूपर्यंत येतं.

फेब्रुवारी १९८०. फ्रान्समधल्या ग्रेनोबल गावी फ्रेंच आणि जर्मन संस्थांनी मिळून चालवलेली एक चुंबक-प्रयोगशाळा होती. एवढं बलाढ्य चुंबक एकेका विद्यापीठाला परवडत नाही, म्हणून ते सामायिक. तिथं जर्मनीचे क्लाउस फॉन क्लिट्झिंग रात्री उशिरापर्यंत मोजमाप घेत होते. सिलिकॉनच्या एका ट्रान्झिस्टरमध्ये इलेक्ट्रॉनचा थर इतका पातळ होता, की त्यांना उजवी-डावीकडं, पुढं-मागं जाता येई, पण वर-खाली हलता येत नव्हतं. ते फार थंड केलं, चुंबकाचा जोर वाढवला, आणि विजेच्या रोधाचा आलेख चढणीसारखा वर न जाता जिन्यासारखा पायऱ्या-पायऱ्यांनी गेला. त्या पायऱ्यांची उंची निसर्गातल्या दोनच स्थिरांकांवरून ठरते. २५,८१२.८०७ ओहम या मूळ आकड्याला पूर्ण अंकांनी भागलं, की एकेक पायरी मिळते. नमुना कुठल्या कारखान्यातला, त्याचा आकार कसा, याचा तिच्याशी संबंध नाही. या शोधाला १९८५ साली नोबेल मिळालं.

आता तो मूळ शोधनिबंध बघा. त्यावर तीन नावं आहेत: फॉन क्लिट्झिंग, गेऱ्हार्ड डोर्डा आणि मायकेल पेपर. डोर्डा म्युनिकला सीमेन्स कंपनीच्या प्रयोगशाळेत होते, पेपर इंग्लंडमध्ये. मोजलेले नमुने या दोघांकडून आलेले. नोबेल मात्र एकट्या फॉन क्लिट्झिंग यांना मिळालं. मला त्यांचं श्रेय कमी करायचं नाही. ती पायरी ओळखायला त्यांचीच नजर लागली. पण लग्नात पंगत वाहवा करून उठते, तेव्हा मुदपाकखान्यातल्या माणसांची आठवण कुणीतरी काढावी, एवढंच माझं म्हणणं.

आणि तराजू? पॅरिसजवळ १८८९ पासून प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोलाकार ठोकळा जपून ठेवला होता. जगातला किलो म्हणजे तो. २० मे २०१९ पासून ते बदललं. आता किलो ठरतो प्लांकच्या स्थिरांकावरून, आणि तो प्रत्यक्षात उतरवणाऱ्या किबल तराजूत विजेचा रोध याच पायऱ्यांच्या आधारे मोजतात. वाण्याकडच्या साखरेच्या पुडीचं वजन आज ज्या पायावर उभं आहे, त्यातला एक दगड ग्रेनोबलच्या त्या रात्रीचा आहे. दुसऱ्यांनी घडवलेले नमुने आणि सगळ्यांचं चुंबक, यांतून तो निघाला.

आता थोडं मागं, अमेरिकेत जाऊ. १९७०च्या दशकात तिथल्या विद्यापीठांपुढं मोठा पेच उभा राहिला. मायक्रॉनहून बारीक काम करायची यंत्रं आयबीएम, बेल लॅब्ज अशा धनवंत कंपन्यांकडं होती. विद्यापीठातल्या प्राध्यापकाकडं हुशारी होती, विद्यार्थी होते, पण इलेक्ट्रॉनच्या झोताचं यंत्र नव्हतं. प्रत्येक विद्यापीठाला एकेक देणं सरकारला शक्य नव्हतं. मग नॅशनल सायन्स फाउंडेशन या तिथल्या सरकारी संस्थेनं ठरवलं, की देशासाठी एकच जागा उभी करायची आणि दूरदूरच्या संशोधकांनी तिथं येऊन काम करायचं. १९७७ साली ती जागा न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठात सुरू झाली. नाव लांबलचक होतं, पण अर्थ इतकाच: मायक्रॉनहून बारीक कामाची राष्ट्रीय सोय. पुढच्या वर्षी ह्यूज कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलेले एडवर्ड वुल्फ तिचे संचालक झाले. आज ती कॉर्नेल नॅनोस्केल फॅसिलिटी म्हणून ओळखली जाते.

सामायिक जागेचा एक गुण असा, की तिथं कोण कुणाला भेटेल हे सांगता येत नाही. १९८०च्या दशकात कॉर्नेलचेच एक वनस्पतिशास्त्रज्ञ, जॉन सॅनफर्ड, वुल्फ यांच्याकडं आले. त्यांना वनस्पतीच्या पेशीत नवं जनुक घालायचं होतं आणि पेशीची भिंत काही दाद देत नव्हती. बारीक वस्तू हाताळण्यात वुल्फ मुरलेले. दोघांनी मिळून टंगस्टन धातूचे अतिसूक्ष्म कण छऱ्यांसारखे झाडायची युक्ती काढली. नेम धरायला समोर काय ठेवलं असेल? कांदा! कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी मोठ्या आणि सूक्ष्मदर्शकातून स्वच्छ दिसणाऱ्या. तेच पुढं जीन गन म्हणून जगभर गेलं. १९८७च्या त्यांच्या शोधनिबंधात या कांद्यावरच्या प्रयोगांची हकिकत आहे. ट्रान्झिस्टरसाठी बांधलेल्या ओसरीवर शेतीचा माणूस येऊन बसला, तेव्हा हे झालं.

१९९७ साली तिथंच हॅरल्ड क्रेगहेड आणि डस्टिन कार यांनी सिलिकॉनची गिटार कोरली. लांबी दहा मायक्रॉन, म्हणजे रक्तातल्या एका तांबड्या पेशीएवढी, आणि तारा पन्नास नॅनोमीटर रुंदीच्या. वर्तमानपत्रांनी ती मौजेची बातमी म्हणून छापली. पण एवढ्या बारीक तारा कंप पावतात तेव्हा पदार्थाचे कुठले गुण दिसतात, हा त्यामागचा खरा प्रश्न होता.

आता सामायिक म्हटलं, की भांडणही आलंच. वाड्यातला सामायिक नळ ज्यांनी पाहिलाय, त्यांना मी काय सांगू! जागा कॉर्नेलच्या आवारात, पैसा साऱ्या देशाचा. मग पहिली पाळी कुणाची? घरच्या विद्यार्थ्याची, की दोन दिवस प्रवास करून आलेल्याची? यंत्र बिघडलं तर कुणी दुरुस्त करायचं? पाहुण्याला कुणी शिकवायचं? या प्रश्नांची उत्तरं सहज मिळाली नाहीत. हळूहळू नियम बसत गेले. वेळ आधी नोंदवायची. यंत्र चालवायला शिकून, परीक्षा देऊन मगच हात लावायचा. वापराचे ठरलेले पैसे द्यायचे. आणि शिकवण्यासाठी पगारी, जाणकार माणसं कायम ठेवायची. यंत्रं दहा-पंधरा वर्षांत जुनी होतात. ही माणसं राहिली, म्हणून जागा टिकली.

एक जागा पुरेना, तेव्हा १९९४ मध्ये पाच विद्यापीठांची साखळी झाली: कॉर्नेल, स्टॅनफर्ड, सांता बार्बरा, पेनसिल्व्हेनिया स्टेट आणि हॉवर्ड. हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी उभं राहिलेलं जुनं विद्यापीठ. साखळीत ते सुरुवातीपासून होतं, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. २००४ मध्ये साखळी आणखी मोठी झाली. तिचे पहिले संचालक होते आयआयटी कानपूरला शिकलेले संदीप तिवारी. २०१५ मध्ये ती नव्या नावानं सोळा केंद्रांची झाली. बाहेरून आलेल्याला घरच्याइतकीच मोकळीक, हे या साखळीचं मुख्य तत्त्व.

सांता बार्बराच्या केंद्राशी एका बाईचं नाव जोडलेलं आहे, एव्हलिन हू यांचं. १९७५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन त्या बेल लॅब्जमध्ये गेल्या आणि १९८४ साली सांता बार्बराला आल्या. अर्धवाहकांवर बारीक कोरीवकाम करण्याच्या विद्येत त्यांचा हात फार मोठा. केंद्र चालवायचं म्हणजे स्वतःचे प्रयोग सांभाळून दुसऱ्यांच्या प्रयोगांची सोय बघायची. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेला हे काम काय असतं ते कळेल.

आपल्याकडच्या एका नावाचा संबंधही कॉर्नेलशी आहे. मुंबईच्या टीआयएफआरमधले मंदार देशमुख आयआयटी मुंबईतून कॉर्नेलला गेले आणि तिथून २००२ साली डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले. तिथल्या आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९९९ मध्ये त्यांनी एक शोधनिबंध लिहिला. विषय काय, तर रांगोळीचा छापाच! सूक्ष्म भोकं पाडलेला पातळ पडदा धरायचा आणि त्यातून धातूची वाफ खाली पाडून नॅनोमीटरच्या मापाची रचना करायची. मधला रेझिस्टचा लेपच नको. २००६ पासून ते टीआयएफआरमध्ये आहेत. ग्राफीनच्या एका अणूएवढ्या जाड पडद्याला कंप देऊन त्याचे गुण तपासण्याचं काम त्यांच्या गटानं केलं, आणि २०१५ साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

ग्राफीनचं नाव निघालंच आहे, तर तीही गोष्ट पुरी करते. २००४ मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीनं ग्रॅफाइटचा पापुद्रा काढत काढत एका अणूच्या जाडीचा थर वेगळा केला. २०१० मध्ये नोबेल मिळालं. चिकटपट्टीची गोष्ट सगळे सांगतात, कारण ती घरगुती वाटते. पण पापुद्रा काढून भागत नाही. त्याला वीज जोडायला सोन्याच्या बारीक तारा लागतात, आणि त्या काढायला पुन्हा तीच पिवळ्या दिव्यांची खोली लागते. (दिवे पिवळे का, तर निळ्या उजेडानं रेझिस्टचे काही प्रकार बिघडतात.) शिवाय ग्राफीन खडबडीत पृष्ठभागावर ठेवलं, की त्याचे गुण झाकोळतात. त्याला गुळगुळीत अंथरूण लागतं. ते जपानमधून येतं. त्सुकुबा इथले ताकाशी तानिगुची आणि केन्जी वातानाबे हे प्रचंड दाबाखाली बोरॉन नायट्राइडचे अतिशुद्ध स्फटिक वाढवतात आणि जगभरच्या प्रयोगशाळांना पाठवत आले आहेत. ग्राफीनवरच्या शेकडो शोधनिबंधांत ही दोन नावं दिसतात. विरजण मागायला शेजारीण आली, तर आपण नाही म्हणत नाही. पण इथं विरजण एका घरचं आणि दही साऱ्या गावाचं!

आता आपल्या देशाकडं येऊ. बेंगळुरूची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि पवईची आयआयटी मुंबई, या दोन संस्थांत २००६ मध्ये केंद्र सरकारच्या पैशानं नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रं उभी राहिली. नुसती केंद्रं उभी करून थांबले असते, तर दोन श्रीमंत घरं आणखी श्रीमंत झाली असती. पण २००८ पासून त्याला एक जोड दिली गेली. इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्रॅम, थोडक्यात आयएनयूपी. देशातल्या कुठल्याही कॉलेजातल्या किंवा विद्यापीठातल्या संशोधकानं यायचं. आधी ओळखवर्ग, मग प्रत्यक्ष हातानं करायचं शिबिर, मग स्वतःची कल्पना लिहून द्यायची. ती पसंत पडली, तर या खोल्यांतली यंत्रं वापरायची. ज्यांच्या कॉलेजात एक धड सूक्ष्मदर्शक नाही, त्या मुलामुलींनी तिथं जाऊन चकतीवर नक्षी काढली आहे. २०१० मध्ये बेंगळुरूला या विषयाचं स्वतंत्र केंद्र झालं. त्याचे पहिले प्रमुख रुद्र प्रताप यांची डॉक्टरेट कॉर्नेलचीच.

पण याच बेंगळुरूच्या संस्थेचं एक जुनं पान आहे, ते उलटून बघितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. इंदूरला जन्मलेली कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण, १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकानं मिळवून या संस्थेत प्रवेश मागायला गेली. वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. तरी तिला नकार मिळाला, कारण ती मुलगी होती. संचालक होते सर सी. व्ही. रामन, तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळवलेले. ती हटली नाही. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरायचं नाही, काम पसंत पडलं तरच पुढं. काम पसंत पडलं. पुढं तिनं १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. विज्ञानात ती मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री मानली जाते. कमलाबाई सोहोनी म्हणून आपण त्यांना ओळखतो.

कमलाबाईंचा विषय जीवरसायन, त्यांचा नॅनोमीटरशी संबंध नाही. पण प्रयोगशाळेच्या दाराशी आहे. दार सामायिक आहे असं म्हटल्यानं ते सगळ्यांना उघडत नाही. आपल्या गावांतले आडही सामायिकच म्हणवत होते. साऱ्या गावाचं पाणी, पण कुणी भरायचं आणि कुणी ओंजळ पसरून लांब उभं राहायचं, हे ठरलेलं. महाडचं चवदार तळं कागदोपत्री सर्वांना खुलं झालं होतं, तरी १९२७ साली डॉ. आंबेडकरांना माणसं घेऊन जाऊन ते पाणी प्यावं लागलं, तेव्हा कुठं 'सर्वांना' या शब्दाचा अर्थ देशाला कळला. सार्वजनिक वस्तूची खरी परीक्षा कागदावर होत नाही, पाणवठ्यावर होते.

म्हणून मला या सामायिक प्रयोगशाळांचा इतिहास महत्त्वाचा वाटतो. तिथलं मोठेपण यंत्राच्या किमतीत शोधू नये. तालुक्याच्या कॉलेजातली मुलगी तिथं पोचते का, ते बघावं. यायला-जायला पैसे मिळतात का, रात्रीची पाळी असेल तर राहायची सोय आहे का, इंग्रजी अडखळलं तर शिकवणारा थांबून समजावतो का? आमच्या बेळगावातून रात्रीच्या गाडीत बसलं, की सकाळी बेंगळुरू. अंतर तेवढंच. पण घरातून निघताना "तुला कशाला हवंय ते?" हा प्रश्न आडवा आला, तर ते अंतर काही केल्या कापत नाही. तो प्रश्न बहुतेक वेळा घरातलीच वडीलधारी बाई विचारते. आपल्यापैकीच कुणीतरी.

त्या खोलीतल्या आणखी काही माणसांचा उल्लेख करायला हवा. हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खातं आणि कातडीतून हाडापर्यंत उतरतं. त्याच्या टेबलाशी कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम हाताशी आहे ना, हे रोज बघणारं कुणीतरी असतं. निर्वात पंपाचा आवाज बदलला, की काय बिघडलंय ते कानानं ओळखणारं कुणीतरी असतं. हवेच्या गाळण्या बदलणारं, पांढरे पोशाख धुवायला पाठवणारं, नवख्याला पहिल्यांदा मोजे कसे घालायचे ते शिकवणारं कुणीतरी असतं. शोधनिबंधाच्या शेवटी आभाराची एखादी ओळ त्यांच्या वाट्याला येते, कधी तीही नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या पानात वाढणाऱ्या बायकांनी ती ओळ मुद्दाम वाचावी.

आपल्या ओळखीतली एखादी मुलगी भौतिकशास्त्र शिकत असेल, तर तिला आयएनयूपीचं नाव सांगा. तिच्या आईला सांगा, की तिथं मुलींना यंत्रावर बसवतात, नुसतं बघायला उभं करत नाहीत. आणि ती निघाली, की डब्यात दशम्या बांधून द्या. काजळ मात्र घरीच ठेवायला सांगा.